डिस्को येत असल्याचा दाखला

डिस्को पुन्हा आला असल्याचे परिपत्रक सोमवारी कार्यालयात आले. प्रत्येक कर्मचाऱ्याने महिनाअखेरपर्यंत डिस्को येत असल्याचा दाखला सादर करावा, अन्यथा डोंगरापलीकडच्या गोदामात बदली होईल, असे त्यात नम्रपणे कळवले होते.

जावक कारकून वाचून खुर्चीतून उडालेच. तरुणपणी त्यांनी डिस्को नुसता गाजवला होता, बायको भाळली होती तीही त्या नाचावरच. तिला सोडून गोदामात राहायची कल्पनाच त्यांना सोसवेना, पण दाखल्याची परीक्षा म्हणजे त्यांच्या हातचा मळ! त्यांनी ट्रंकेतून पांढरी बेलबॉटम काढली. पोट आत घेतल्यावर ती बसलीसुद्धा.

"अहो, श्वास तरी घ्या!" बायको हसून हसून बेजार झाली.

"दाखला मिळाला की घेतो."

परीक्षा समितीचे तिन्ही सदस्य त्या बेलबॉटमपेक्षा वयाने लहान होते. कारकून नाचले ते असे, की शिपायाने शिट्ट्या मारल्या आणि टंकलेखिका टेबलावर चढल्या. समितीने मात्र नकारार्थी मान हलवली.

"काका, हा मूळ डिस्को झाला," अध्यक्ष हळहळला. "आम्हाला पुनरुज्जीवित लागतो. तुमचं बोट पंधरा अंश जास्त वर जातंय."

"अरे बाळा, तेव्हा असंच जायचं!"

"पुरावा?"

"मी स्वतः!"

"तुम्ही अर्जदार आहात. त्या काळचे दोन साक्षीदार आणा. त्यांच्याकडे डिस्कोचा दाखला हवा."

दोन जुने मित्र आले, नाचले, नापास झाले. तेव्हा त्या संपूर्ण पिढीला डिस्को येत नसल्याचा निष्कर्ष नोंदवून समितीने तिघांना नवशिक्यांच्या वर्गात बसवले. कारकून जिद्दीचे. पंधरा दिवसांत सगळा नाच विसरले आणि पहिल्या श्रेणीत पास झाले. बदली टळली!

दाखले वाटपाच्या समारंभात त्यांना नाचायला लावले. तेही मोजून मापून, बोट खाली ठेवून नाचले. त्या काळी डिस्कोला थिल्लर म्हणून घराची दारे लावून घेणाऱ्यांचेही डोळे पाणावले. "अगदी आमच्या वेळचा!" ते एकमेकांना सांगत होते.

बायको तेवढी घाबरून विंगेत धावली. "अहो, काय होतंय तुम्हाला? डॉक्टरांना बोलावू का?"

तिचा आवाज टाळ्यांत कुणालाच ऐकू गेला नाही. तुम्हालाही नाही. नाकारू नका, तुम्ही होतात तिथे. मोबाइल उंच धरून उभे होतात, मागच्यांना काही दिसत नव्हते.