चेतनाबाई मेश्राम यांच्या तीन लढाया आणि एक सत्कार

खारून नदीस साक्ष ठेवून लिहिले जाते की, सुभे रायपूर, प्रांत छत्तीसगढ येथील राजश्री श्यामराव मेश्राम यांच्या कन्या, अखंडपराक्रमालंकृत चेतनाबाई, यांनी जल, चक्र आणि पायदळ या तिन्ही मुलखांत शर्थ करून राज्याचे अजिंक्यपद कैसे घेतले, आणि तिन्ही मुलखांत जो गनीम कोठे आढळला नाही तो आपल्याच समाजाच्या मंचापुढे हार घेऊन उभा कैसा सापडला, ही हकीकत लिहावी ऐशी आज्ञा कोणी केली नाही. तथापि लिहिणे प्राप्त जाहले, कारण मराठी मित्रमंडळाच्या वार्षिक अहवालात ती भलतीच छापली आहे.

आधी पोहावे, मग ओल्या अंगाने सायकल हाणावी, आणि मग सायकल टाकून धावत सुटावे, मध्ये घोटभर दम खाण्याची मुभा नाही, ऐसा हा खेळ. यास फिरंगी लोक ट्रायथलॉन म्हणतात आणि श्यामराव यास रिकामा धंदा म्हणतात. या विद्येत चेतनाबाईंस गुरू कोणी लाभला नाही. पोहणे त्या आपल्या पाऱ्यातील, म्हणजे मोहल्ल्यातील, तलावात शिकल्या, जेथे म्हशी आधीपासून मुक्काम करून होत्या आणि वाट देण्याची त्यांस सवय नव्हती. श्यामराव उरला नामे कारखान्यांच्या वसाहतीतील रोलिंग मिलमध्ये पाळीवर असत आणि डबा घरी विसरणे हा त्यांचा नेम होता. म्हणून मातुश्री अंजनाबाई भाजी कढत असताना डबा बांधून देत आणि ती कढत असतानाच पोचावी म्हणून चेतनाबाई लोखंड लादलेल्या ट्रकांच्या फौजेतून धूळ खात सायकल पिटाळीत. धावणे शिकविण्याचा मान शंकर नगरातील बंगल्यांच्या कुत्र्यांकडे जातो. चेतनाबाई तेथे साहेबांच्या मुलांस पोहणे शिकविण्यास जात, आणि त्या कुत्र्यांस पगारी लोकांची भारीच चीड असे.

ऐशी तयारी होऊन चेतनाबाई नामांकित जाहल्या, परंतु दोन साल लागोपाठ राज्यस्पर्धेत बिलासपूरच्या सरिताबाईंनी त्यांस दुसऱ्या जागी बसविले. चेन्नईच्या राष्ट्रीय मोहिमेस पहिलीसच पाठवितात. दुसरीस प्रशस्तिपत्र देऊन घरी पाठवितात. तेव्हा तिसऱ्या साली श्यामरावांनी जेवता जेवता फर्मान काढिले की, पोरगी अठ्ठावीस वर्षांची जाहली, हा शेवटचा डाव. निवड जाहली तर खुशाल दिल्ली-चेन्नई करावी, न जाहली तर सायकल विकून टाकावी आणि लग्नाचा बायोडाटा छापावा, त्यात छंद म्हणून स्वयंपाक लिहावा. चेतनाबाईंचा घास तोंडातच राहिला. अंजनाबाईंनी लेकीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

आता मंडळाचे वर्तमान ऐकावे. रायपूर शहराचा ऐसा रिवाज आहे की, कोणाचीही शोभायात्रा निघो, चौकाचौकांत एकेका समाजाने आपला स्वागत मंच उभारावा, येणाऱ्यांवर फुले उधळावी, सरबत पाजावे, आणि पुढाऱ्यांच्या गळ्यात हार घालून फोटो काढावा. यात जो समाज मागे राहिला तो शहरात नाही ऐसे समजतात. मराठी मित्रमंडळाचे अध्यक्ष, राजमान्य राजश्री शरच्चंद्रराव, यांच्या मनात हे शल्य फार दिवसांचे होते, कारण मंडळापाशी मंच होता, माईक होता, परंतु शोभायात्रा काढील ऐसा कोणी आपला माणूस नव्हता. तशात अखबारात बातमी आली की राज्याची ट्रायथलॉन नव्या रायपुरात होणार आणि तीत आपली मराठी पोट्टी आहे. अध्यक्षांनी तात्काळ मसलत भरविली. मागे याच चेतनाबाईंनी मंडळाच्या सभागृहाच्या कोपऱ्यात सायकल ठेवू द्या म्हणून अर्ज केला होता, तो फरशीस डाग पडतील या सबबीवर एकमताने नामंजूर जाहला होता. त्याच एकमताने आता ठरले की, बारा गावचे स्पर्धक रस्त्याने जाणार म्हणजे ती शोभायात्राच होय, सबब मंच उभारावा.

चेतनाबाईंस कळले तेव्हा त्या आदल्या दिवशी अध्यक्षांच्या घरी जाऊन हात जोडून बोलिल्या, "काका, मले थांबता येत नाही. बाहेरच्याचा हात लागला, पाण्याचा गिलास घेतला, तरी पंच बाद करतात. मेहरबानी करा, हे करू नका." यावर अध्यक्ष प्रसन्न हसले आणि सौ. अध्यक्षांस म्हणाले, "पोट्टी किती विनयशील हाय, पाहा!" कारण मंडळात आजवर ज्याचा ज्याचा सत्कार जाहला त्याने आधी नको नको म्हटले होते आणि मग मान पुढे केली होती. नाही म्हणणे हा सत्काराचा पहिला विधी, ऐसे समजून त्यांनी गोल बाजारातून हार आणखी जाड मागविला.

मग स्पर्धेचा दिवस उगवला. नव्या रायपुरातील तलावाकाठी फौजा जमल्या, शिट्टी जाहली आणि तमाम वीर पाण्यात पडले. शहरातल्या तरणतलावांत वाढलेले मोहरे लाथाबुक्क्यांनी गोंधळून गेले, परंतु चेतनाबाई म्हशींत वाढल्या होत्या, त्या कोपर काढून वाट करीत निघाल्या आणि सरिताबाईंच्या पाठोपाठ बाहेर आल्या. मग सायकलीवर मांड घातली आणि दुसऱ्या लढाईस तोंड लागले. सरकारने बांधलेले हे रस्ते ऐसे रुंद की त्यांवर शहर मावावे, फक्त ते अजून राहावयास आले नाही. त्या मोकळ्या मैदानात चेतनाबाईंनी सरिताबाईंस गाठिले, मागे टाकिले आणि चांगले अंतर पाडिले. बाईंच्या मनात प्रथमच आले की आज होते, आज नक्की होते, आणि त्या आनंदाने त्यांस रडू फुटावयाचे तेवढे बाकी राहिले.

तो समोर चौकात भगवा-पिवळा कनात-मांडव दिसला. माईकवर "आपल्या समाजाची शान" ऐसा घोष चालू होता. पुरुषांची हरोल, म्हणजे आघाडीची, फौज पुढे निघून गेली होती आणि तिच्यावर मंडळाने झेंडूच्या पाकळ्यांचा ऐसा मारा केला होता की वळणावर घोटाभर चिखल माजला होता. त्यात धमतरीचा एक भला स्पर्धक घसरून पडला. त्यास उचलून खुर्चीवर बसविले, शाल पांघरली, आणि तो कोण, कुठला, लागले किती, हे न पुसता त्याच्या हाती श्रीफळ दिले. मंडळाच्या मायावहिनी सरबताचे तबक घेऊन उजवीकडे, माईकवाले डावीकडे, आणि ऐन रस्त्याच्या मध्ये, दोन्ही हातांत हार पसरून, खासे अध्यक्ष उभे होते. शेजारी अखबारवाला कॅमेरा सरसावून होता.

चेतनाबाईंनी दोन्ही ब्रेक दाबले. चाक पाकळ्यांवरून सरकले, तोल जाता जाता सावरला, आणि बाईंचा पाय जमिनीस लागला. मागून पंचांची मोटारसायकल येऊन थडकली आणि पंच ओरडले, "दीदी, किसी से कुछ मत लेना! लिया तो बाहर!"

"काका, हटा ना! मी बाद होऊन जाईन!"

"अवं बेटा, दोन मिनिटं. येक फोटो होऊ दे. सारा समाज उन्हात उभा हाय तुह्यासाठी."

तेवढ्यात मांडवाच्या मागील बाजूने, गवतातून सायकल काढून, सरिताबाई भुर्रकन निघून गेल्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलेही नाही. त्यांचे दैव थोर, त्यांचा समाज बिलासपुरात होता.

चेतनाबाईंस काही सुचेना. धक्का मारून जावे तर वडीलधारा माणूस, जन्मभर पाऱ्यात बोलणी खावी लागतील. थांबावे तर सायकल गेली, चेन्नई गेली, आणि छंद म्हणून स्वयंपाक. डोळ्यांत पाणी आले आणि हार दोन हातांवर येऊन ठेपला.

या समयी मांडवाच्या मागे, टेबलाखालच्या पातेल्यापाशी, अंजनाबाई लिंबे पिळीत बसल्या होत्या. मंडळाचे कोणतेही स्नेहभोजन असो, पोळ्या लाटावयास अंजनाबाईंस निरोप जाई, आणि मंचावर बोलावण्याचे मात्र कोणाच्या ध्यानात राहत नसे. आजही निरोप लिंबांसाठीच होता. बाई उठल्या, लिंबाचे हात पदरास पुसले, गर्दीतून सरळ चालत आल्या, आणि लेक व अध्यक्ष यांच्या मध्ये उभ्या राहून त्यांनी मान खाली घातली.

"घाला," अंजनाबाई बोलिल्या.

"वहिनी, तुमी काहून? हे पोट्टीसाठी..."

"पोट्टी कोनाची हाय? माहीच ना? मंग घाला मले." आणि मागे न पाहता म्हणाल्या, "तू जाय वं. इथं काहून उभी हायस?"

अध्यक्षांचे हात पसरलेले, कॅमेरा रोखलेला, सारा समाज पाहत असलेला. हार कोठेतरी घालणे भाग होते. तो अंजनाबाईंच्या गळ्यात पडला, जमावाने सवयीने टाळ्या पिटल्या, आणि त्या टाळ्यांच्या आडून चेतनाबाई निसटल्या. पंचांनी कोणाचा हात लागला काय, कोणी काही दिले काय, हे डोळे बारीक करून पाहिले, आणि काही न सापडल्याने शिट्टी खिशात टाकली.

तिसरी लढाई पायांची. सायकलीवरून उतरताच मांड्या लाकडाच्या होतात, हा या खेळाचा दस्तूर आहे. सरिताबाई पुष्कळ पुढे होत्या. परंतु चेतनाबाईंच्या अंगात ऐसा संताप भरला होता की ऊन, तहान, पोटऱ्यांतले गोळे, कशासही त्या दाद देईनात. त्या अध्यक्षांवर संतापल्या होत्या, फरशीच्या डागांवर संतापल्या होत्या, आणि सर्वांत अधिक स्वतःवर, की इतकी वर्षे आपण आईस भोजनाला नेले आणि मंचाच्या मागे सोडून आपण पुढे जाऊन बसलो. शेवटच्या वळणावर त्यांनी सरिताबाईंस गाठिले. दोघी काही काळ खांद्यास खांदा लावून धावल्या, मग सरिताबाईंचे पाऊल लहान पडले आणि फीत चेतनाबाईंच्या छातीस लागली. फत्ते जाहली. श्यामराव कडेला उभे होते. ते एवढेच म्हणाले की चेन्नईत उकडते म्हणतात, टोपी घेऊन जा.

मग अध्यक्षांची स्वारी टेम्पोत बसून लवाजम्यासह आली. अंजनाबाईही त्यातच होत्या, रिकाम्या पातेल्यांच्या शेजारी, गळ्यात तो जाड हार. अध्यक्षांनी हुकूम सोडिला की, अखबारवाल्यास निघावयाचे आहे, मंडळाचा हार एकच, सबब वहिनींनी तो काढून द्यावा, खऱ्या सत्कारमूर्तीस घालून फोटो काढावा.

अंजनाबाईंनी दोन्ही हातांनी हार धरिला.

"मी नाही देत," त्या बोलिल्या. "पयलाच हाय माहा."

अध्यक्षांनी चेतनाबाईंकडे पाहिले, की लेकीने समजूत घालावी. चेतनाबाई आईच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमी थोडे बाजूला व्हा. फोटोत येऊन राहिले."

येणेप्रमाणे नव्या रायपूरच्या मैदानी राज्यअजिंक्यपद चेतनाबाई मेश्राम यांस प्राप्त जाहले, राष्ट्रीय मोहिमेस त्यांची नामजादी जाहली, आणि मंडळाचा हार अंजनाबाई मेश्राम यांनी भर चौकात जिंकून घेऊन अखेरपर्यंत राखिला. अध्यक्षांचे भाषण न होता तसेच राहिले. मंडळाच्या अहवालात मजकूर याहून वेगळा आहे, परंतु फोटो हाच आहे.