केरबाच्या दाराची कडी

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. फक्त केरबा साळिंदराच्या दाराला कडी नव्हती.

केरबाची बायको गोजरा. नुकतीच तिला दोन पिल्लं झाली होती. त्यात नदीपलीकडून एक तरस येऊन राहिलं, आणि गोजराचा जीव थाऱ्यावर राहीना.

"अहो, बाजारातून एक कडी आणा ना!"

"विकतची?" केरबा दुखावला. "अगं, हात दिलेत देवानं. घरी करतो."

केरबानं लोखंडाची पट्टी आणली. ती वाकवायची तर घट्ट धरायला व्हाइस हवा. तोही घरीच करायचा. व्हाइसला सरळ भोक पाडायचं तर ड्रिलला स्टँड हवा. स्टँड ठेवायला टेबल हवं. टेबलाचे पाय काटकोनात बसवायला गुण्या हवा. आणि गुण्या कानशीनं घासायचा तर तो धरायला व्हाइस हवा!

केरबाला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

"कडी कुठवर आली?" गोजरा विचारायची.

"पायाभरणी चाललीय," केरबा सांगायचा. गोजरा उसासा टाकून दाराला धोंडा लावायची.

एका दुपारी तरसानं धोंडा ढकलला आणि ते आत आलं. गोजरानं पिल्लांना पाठीशी घेतलं. काटे उभे केले.

केरबानं मान वर केली. त्याचा चेहरा उजळला.

"या, या! अगदी वेळेवर आलात. जरा हे टोक धरा बघू."

तरसाला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यानं टोक धरलं.

"हलवू नका हं. आता बघा, बाजारात व्हाइस मिळतो. नाही असं नाही. पण त्याचा जबडा केसभर तिरका असतो. का, ते सांगतो."

केरबानं सांगितलं. मग स्टँडचं सांगितलं. आधी बिघडलेला स्टँड दाखवला. तो का बिघडला, तेही सांगितलं.

"मी खरं तर पिल्लांसाठी..." तरस पुटपुटलं.

"झोपलीत ती. त्यांना काय कळतंय यातलं! तुम्ही इकडे बघा. नुसतं बघू नका, हात लावून बघा."

उन्हं कलली. तरसाची भूक मेली. डोळ्यांत पाणी आलं.

"निघतो मी," ते काकुळतीनं म्हणालं. "घरी दूध तापत ठेवलंय."

"बसा हो! टेबलाचं राहिलंच!"

पण तरस पळत सुटलं होतं. नदीपलीकडे जाऊन त्यानं सगळ्यांना सावध केलं. तेव्हापासून वाघसुद्धा त्या बिळाला वळसा घालून जातो. गोजराच्या माहेरचेही येत नाहीत, पण त्याला इलाज नाही.

पिल्लं मजेत वाढताहेत. केरबा सध्या गुण्या करतोय.

तात्पर्य : हाती घेतलेलं काम वेळेत पुरं करावं, असं थोर लोक सांगतात. बाळांनो, त्यांच्या घरी चोर येतात.