चार पावली मोटार

मुंजाजी मिस्तरीच्या दुकानात कुणी गेलं, की मुंजाजी आधी त्याला पाठ करून उभं राहायला लावायचा.

"गुरुजी, तिकडं तोंड करा. आता चाला. मोजत चाला, बरं का."

आपण रस्त्याने पावलं मोजत निघायचं. मागे दुकानात एखादी मोटार चालू असायची. तिचा आवाज कानांवर यायचा थांबला, की जागच्या जागी उभं राहून हात वर करायचा. किराणा दुकानापाशी हात वर झाला तर मोटार साठ पावली. पिंपळाच्या पारापाशी झाला तर शंभर पावली, म्हणजे बाद. हे माप जगात दुसरीकडे कुठे चालतं की नाही, ठाऊक नाही. आमच्या गावातली निम्मी माणसं मात्र कधी ना कधी भर रस्त्यात हात वर करून उभी राहिलेली आहेत.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. रस्त्यात चार माणसं थांबलेली दिसली की पोलिसाला मोर्चाच दिसायचा. एकदा नवा बदलून आलेला जमादार सायकलवरून चालला होता. तिघे जण हात वर करून उभे दिसल्यावर तो खाली उतरला आणि दरडावून म्हणाला, "मागणी काय तुमची?"

दुकानातून मुंजाजी हळू आवाजात म्हणाला, "खामोश मोटार पायजे, साहेब."

जमादाराने वहीत काय लिहिलं ते कळलं नाही. जाण्यापूर्वी त्यालाही पाठ करून चालवलं होतं, एवढं खरं.

मुंजाजीचा धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून देण्याचा. जिंतूर तालुक्यात, पूर्णेवरच्या धरणाच्या पाण्याकाठी आमचं गाव. त्याचं दुकान गावाच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून. तांब्याची तार गुंडाळताना त्याचा हात असा चाले, की बघणाऱ्याला झोप यावी. पण ते काम पोटासाठी. मनातलं काम वेगळं होतं. एका भोयाकडून घेतलेली लहानशी लाकडी होडी त्याच्याकडे होती, आणि त्या होडीला लावायला तो बॅटरीवर चालणारी मोटार निवडत होता. मी शाळेवर बदलून आलो तेव्हा त्याला निवडायला लागून चार वर्षं झाली होती. पुढची सात मी पाहिली.

डिझेलचं इंजिन लाव, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. तो मान हलवायचा. "आवाज म्हंजे चुगलखोर. आपून निघायच्या आधी तो पोचतो."

आवाजाचं त्याला वावडंच होतं. सायकलची घंटी त्याने काढून टाकली होती. चामडी वहाण कुरकुरते म्हणून तो रबरी सपाता घालायचा. त्यामुळे तो घरात कधी येऊन बसला ते कळायचं नाही. आमची ही एकदा स्वयंपाकघरात मागे वळली, तो समोर मुंजाजी. तिच्या हातातली कढी सांडली. "भाऊजी, निदान खोकत तरी जा हो!" ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या दारात येऊन तो एकदा खोकायचा. तेवढाच आवाज त्याने आयुष्यात कुणासाठी मान्य केला, असं मला तेव्हा वाटायचं.

खामोश मोटार कशाला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मला ते हळूहळू कळलं.

पलीकडच्या काठावर त्याचा थोरला भाऊ राहायचा, सोपानदादा. धरणाचं पाणी चढलं तेव्हा गावाचे दोन तुकडे झाले, काही घरं इकडे, काही तिकडे. दादा जमिनीमागे तिकडे गेला. मुंजाजीने इकडे दुकान टाकलं. आईबाप लवकर गेलेले, मुंजाजीला दादानेच वाढवलं. मुंजाजीने लग्न केलं नव्हतं. घर म्हणून म्हणावं ते एवढंच, पाण्याच्या पलीकडचं.

त्यांच्या घरात पोळ्याची एक रीत होती. जोडीतल्या उजव्या बैलाचा कासरा थोरल्याच्या हातात, डाव्याचा धाकट्याच्या. तिसऱ्याच्या हाती कासरा द्यायचा नाही. गाव तुटल्यावरही मुंजाजी दर पोळ्याला तिकडे जायचा. एका वर्षी निघता निघता इकडे कुणाच्या तरी विहिरीची मोटार जळाली. ऊस वाळायला आला होता. "तासाभराचं काम," म्हणून तो बसला आणि संध्याकाळ झाली. तिकडे दादा सजवलेली जोडी घेऊन, दोन्ही कासरे हातात धरून तोरणाखाली उभा. सगळ्यांचे बैल निघून गेले, तोरण तुटलं. दादाने जोडी न मिरवता घरी नेली. त्या दिवसापासून तो मुंजाजीशी बोलला नाही.

मुंजाजी दर सोमवारी दुकान बंद ठेवून होडी वल्हवत तिकडे जायचा. वल्ह्याची खुंटी करकरायची. तेल घातलं, चिंध्या बांधल्या, तरी करकरायचीच. आणि पाण्यावरून आवाज फार लांब जातो. दादाचं घर काठालाच. होडी पाण्याच्या मधावर आली, की दादा ओट्यावरून उठून आत जायचा आणि दार लावून घ्यायचा. वैनी बाहेर येऊन चहा द्यायची. मुंजाजी ओट्यावर बसून बंद दाराकडे बघत चहा प्यायचा. आतून खोकल्याचा आवाज यायचा. मग तो परत निघायचा. एसटीने गेलं तरी तेच. फाट्यावरून घर अर्धा मैल, येणारा माणूस लांबूनच दिसायचा. त्या वर्षांत एसटी बंद असायची ती वेगळीच.

"समोरासमोर पडलो ना गुरुजी, तर दादा आत जायचा न्हाई," तो मला म्हणाला. "समोर उभ्या माणसाला पाठ दावायची आमच्या घरात रीत न्हाई. फक्त त्याला कळायच्या आत मी तिथं पायजे."

म्हणून मोटार. म्हणून पाठ करून चालणारं सगळं गाव.

त्याने एसटीच्या भंगारातली काच पुसायची मोटार आणून पाहिली. दहा पावली होती, पण जोर म्हशीच्या शेपटाइतका. होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली आणि काठावरची पोरं टाळ्या पिटत बसली. जीपची स्टार्टरची मोटार लावली. ती पारापलीकडे ऐकू जायची आणि बॅटरी चहा निवायच्या आत संपवायची. कुणी म्हणालं, "घरच्या पंख्याची लाव की, वायर लांब सोड." मुंजाजी गंभीरपणे म्हणाला, "लाईट गेली की मधीच ऱ्हाईन. मग काय माशांची शाळा घेऊ?"

मी कुठल्याशा मासिकात पत्ता पाहून मुंबईच्या एका कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर आलं: विहीर किती खोल आहे ते कळवावे. दुसरं पत्र लिहिलं. तेव्हा एक रंगीत पत्रक आलं. त्यावर तळ्यात होडी, होडीच्या मागे बारीक दांडीची मोटार, आणि गवती टोपी घातलेला गोरा माणूस गळ टाकून बसलेला. मुंजाजीने ते चित्र दुकानात मारुतीच्या तसबिरीशेजारी चिकटवलं. पुढे वादाला तोंड फुटलं की तो भिंतीकडे बोट दाखवायचा, "टोपीवाल्याला इचारा. त्याच्या माशाला तरी कळलं का?"

पण ती मोटार परदेशातली. आयात परवान्याचा अर्ज करावा लागणार होता. अर्ज मीच भरायला बसलो. वापराचा हेतू: उद्योग, संरक्षण, संशोधन, इतर.

मुंजाजीने चारही शब्दांवरून बोट फिरवलं. "गुरुजी, भावाला भेटणं यातल्या कशात बसतं?"

मी 'इतर'वर खूण केली. तीन महिन्यांनी अर्ज परत आला. 'इतर' म्हणजे काय ते स्पष्ट करावे, असं शेजारी लिहिलेलं.

"लिहू नका," मुंजाजी म्हणाला. "ते आपल्या घरातलं हाय." अर्ज त्याने घडी घालून टोपीवाल्याच्या मागे खोचला.

अकराव्या वर्षी वैनीने चहा देताना सांगितलं, "भाऊजी, ह्यांच्या डोळ्यात मोती पडलाय. माणूस वळखू येईना लांबून. परभणीला चला म्हणलं तर ऐकायलेत कुठं?"

त्या दिवसापासून मुंजाजी झपाटल्यासारखा कामाला लागला. "डोळे जायच्या आत त्यानं माझं तोंड बघाया पायजे, गुरुजी. मागून भेटलो तर काय, आवाजच भेटला म्हणायचा." जालन्याच्या भंगार बाजारातून त्याने एका छोट्या गाडीच्या रेडिएटरवरच्या पंख्याची मोटार निवडून आणली. तिथल्या दुकानदारालाही पाठ करून चाळीस पावलं चालायला लावलं असणार. तिचं बेरिंग काढून नळीसारखा पितळी बुश बसवला. "बेरिंग बोलतं, बुश बोलत न्हाई." जुन्या टेबलफॅनची पाती कापून लांब दांडीच्या टोकाला लावली. ट्रॅक्टरची बॅटरी खोक्यात घातली. मग मला पाठ करायला लावली. मी चालू लागलो आणि चौथ्या पावलाला हात वर केला.

मागे काहीच हालचाल होईना, म्हणून वळून पाहिलं. मुंजाजी सपाता काढून मोटारीच्या पाया पडत होता.

पुढच्या सोमवारी सकाळी आम्ही दोघे निघालो. वल्हं होडीच्या तळाशी आडवं टाकलेलं. मोटार बैलाच्या चालीने चालत होती. पाण्यावर एक रेघ उमटत होती, तेवढंच. मुंजाजी दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसला होता. मधावर आलो तरी ओट्यावर हालचाल नव्हती.

ओटा रिकामाच होता. दादा काठावर होता, गुडघाभर पाण्यात, भिवयांवर हात धरून.

"आयला, ऐकलं की काय!" मुंजाजी पुटपुटला आणि त्याने बटण बंद केलं. होडी आपोआप सरकत राहिली. दादा आमच्याच दिशेने बघत होता, पण त्याला आम्ही दिसत नव्हतो.

मग त्याचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला. तो वैनीला विचारत होता.

"सोमवारच हाय न्हवं आज?"

"सोमवारच की," दारातून वैनी म्हणाली.

"मग वल्ह्याचा आवाज कामून आला न्हाई? एवढ्या टायमाला तर मधावर ऱ्हाते होडी." थोडा थांबून तो म्हणाला, "कुणाला तरी धाडून बघ. लय पाणी हाय."

मी मुंजाजीकडे पाहिलं. अकरा वर्षं आवाज मारण्यात गेलेला तो माणूस बॅटरीच्या खोक्यावर हात ठेवून बसला होता. मग तो वाकला, तळाचं वल्हं उचललं, खुंटीत बसवलं आणि जोराने ओढलं. करकर झाली. दुसऱ्यांदा त्याने गरजेपेक्षा जास्तच करकरवलं.

दादाचा भिवयांवरचा हात खाली आला. आता तो वळून आत जाणार, असं मला वाटलं. तो वळला नाही. होडी काठाला येईपर्यंत तसाच पाण्यात उभा राहिला. मुंजाजीने होडीचा दोर फेकला. दादाने चाचपून तो धरला, आणि बैल धरावा तसा मनगटाला एक वेढा दिला.

"लय उशीर केलास," तो म्हणाला.

"एका मोटारीचं काम निघालं होतं, दादा."

"झाली का नीट?"

"झाली."

त्या दिवशी चहा ओट्यावर तिघांनी घेतला. दादा मुंजाजीच्या अगदी जवळ तोंड नेऊन त्याच्याकडे बघत होता आणि, "केस पिकले रे तुझे," एवढंच दोनदा म्हणाला.

मोटार पुन्हा होडीला लागली नाही. खुंटीला तेल घालणंही मुंजाजीने बंद केलं. पुढे दादाचे डोळे पुरते गेले, पण सोमवारी करकर ऐकू आली की तो दोर धरायला काठावर यायचा. पोळ्याला डावा कासरा पुन्हा धाकट्याच्या हातात आला.

मोटार मुंजाजीने मला दिली, पात्यांना जाळी बसवून. "लिवताना वारा घ्या," म्हणाला. मुंजाजीला जाऊन आता वर्ष होत आलं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमची हीही गेली. लिहायला बसलो की तो पंखा मी टेबलावर लावतो. चार पावलं कशाला, हाताच्या अंतरावर असूनही तो ऐकू येत नाही. दाराशी कुणी खोकलं, तर लगेच कळेल.