अनवाणी ग्रंथालय

"आज ग्रंथालयात पाय ठेवायला जरी जागा दिसली, तर मिशी उतरवीन!" ग्रंथपालांनी कप खाली ठेवत बायकोला बजावलं.

"काल तर म्हणत होतात, तिथे माशीसुद्धा वाचायला येत नाही!"

अर्थशास्त्राच्या त्या संशोधन केंद्रात विद्यार्थी त्यांना शुकशुकराव म्हणत. कुणी श्वास जरा जोरात घेतला तरी ते 'शुक्!' करायचे. हल्ली शुक् करायलाही कुणी उरलं नव्हतं. सगळी मंडळी समोरच्या गारेगार संगणक कक्षाला गुळाला मुंगळे चिकटावेत तशी चिकटलेली. आणि त्या कक्षाचा प्रमुख कोण? शुकशुकरावांचा सख्खा साडू! आज समिती पाहणीला येणार होती. ग्रंथालय ओस दिसलं, तर अर्धा हॉल साडूला आणि शुकशुकरावांचं टेबल जिन्याखाली!

"साडूबुवा, टेबल मी उचलू लागेन हं!" साडूने परवाच मीठ चोळलं होतं.

पण संगणकांना धूळ चालत नाही, चपला-बूट दाराबाहेर काढावे लागतात. तिथेच शुकशुकरावांचं डोकं चाललं! समिती साडूच्या कक्षात शिरताच, पावलं वाजू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच्याही चपला काढल्या, पुस्तकांची ढकलगाडी आणली आणि दारातलं सगळं पायताण तीत भरलं. मग दारिद्र्य, परकीय व्यापार, जनगणना, ज्या विषयाच्या कपाटात जागा दिसली तिथे पुस्तकांमागे कोंबलं. घाईत स्वतःच्या चपलाही गेल्या. आणि समितीच्याही!

चहाची सुट्टी झाली. पोरं बाहेर आली, तर दार स्वच्छ!

"सर, आमच्या चपला?"

"ग्रंथालयात. शोधा. पण शुक्!"

"माझ्या सँडल कुठे गेल्या?" असं विचारत आलेल्या समितीच्या अध्यक्षाबाई दारातच थबकल्या. ग्रंथालय तुडुंब! कुणी शिडीवर, कुणी फरशीवर पालथा, कुणी कपाटात कमरेपर्यंत गडप. सगळे अनवाणी, आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता!

"पुस्तकांचा एवढा मान?" बाई सँडल विसरल्याच.

"सापडली!" एक मुलगी ओरडली. "एक दारिद्र्यात होती, दुसरी परकीय व्यापारात!"

"दोन विषयांची सांगड! याला म्हणतात संशोधन!"

"रोजचंच आहे, बाई," शुकशुकराव नम्रपणे म्हणाले. सदरा मात्र घामाने चिंब! कारण बाईंच्या शेजारच्याच कपाटात, जनगणनेच्या अहवालांतून त्यांच्या सँडलची टाच डोकावत होती. त्यांनी ती जोडी हळूच ओढली, पुसली आणि पुढे ठेवली.

"धूळ लागू नये म्हणून आत आणल्या होत्या."

झालं! बाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला, "या हॉलची एक फरशीही कमी करायची नाही. उलट संगणकच इथे आणा!"

साडूचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"साडूबुवा," शुकशुकराव त्याच्या कानाशी लागले, "टेबल उचलू लागू का?"

संध्याकाळी ते मिशीला पीळ देतच घरात शिरले. "जिंकलो!"

बायकोची नजर खाली गेली. "अहो, दोन्ही चपला डाव्या पायाच्या?"

"दोन उजव्या घालून कुणीतरी आधीच सटकलं! तू पायांकडे कशाला बघतेस? मिशीकडे बघ!"