गतिमान कारभाराची चित्रफीत

विभागाच्या गतिमान कारभारावरची चित्रफीत दर वेळी एकाच जागी अडकत होती. साहेब हात उंचावून "आता आम्ही थांबणार नाही" असं म्हणत, नेमकी तिथे. "आता आम्ही थां" एवढं ऐकू येई, साहेबांचा हात हवेतच राही, तोंड उघडं राही आणि संगणक पडद्याच्या तळाशी नम्रपणे कळवी, 'काही चित्रे वेळेवर हजर न झाल्याने गळाली.' वेळेवर हजर न होणं विभागाला नवीन नव्हतं. पण ते असं चारचौघांत कळवण्याची पद्धत नव्हती.

चित्रफिती जोडण्याचं काम जोडणीबाईंकडे होतं. त्यांचा हा संकलनाचा संगणक विभागात आला तेव्हा बाईंची लेक दोन वेण्या घालून शाळेत जायची. आता तिचे दिवस भरत आले होते. ती परगावी, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, आणि रोज फोनवर एकच प्रश्न, "आई, कधी निघतेस गं?" बाईंची रजा मंजूर होती. साहेबांनी फक्त एक अट घातली होती: चित्रफीत न अडकता चालली, की निघा.

संगणकावर बाईंचा जीव होता. सकाळी बटण दाबलं की तो आधी खोकायचा, मग कण्हायचा, मग घरघरत जागा व्हायचा. बाई त्याच्या पाठीवरची धूळ पुसत गुणगुणायच्या, "ऊठ रे राजा, ऊठ रे सोन्या, लेक माझी वाट बघते." सोन्या उठायचा, साहेबांच्या हातापर्यंत यायचा आणि बसकण मारायचा.

शेवटी तंत्रज्ञाला बोलावणं गेलं. कुठल्याही दुखण्यावर 'बंद करून चालू करा' हे एकच औषध तो देत असल्यामुळे त्याला सगळे बंदचालूराव म्हणत. त्याने संगणक बंद करून चालू केला. मग नेटवर्कची केबल उपटली, पंख्यातली धूळ उडवली, हार्ड डिस्कवरचा जुना पसारा काढला आणि चित्र काडेपेटीएवढं केलं. ते पाहून साहेब म्हणाले, "यात मी कोणता?"

चित्र पुन्हा मोठं झालं आणि पुन्हा अडकलं.

"रोग सापडला," बंदचालूराव म्हणाला. "जे हलत नाही ते याला हलकं, जे हलतं ते जड. साहेबांचा हात हलला की याला धाप लागते."

"मग नवीन घ्या ना साहेब," बाई म्हणाल्या.

"जुना बंद पडलेला नसताना?"

"रोज पडतोय की!"

"पडतोय. पडलेला नाही. काय हो, तुम्ही चालू केलात की चालू होतो ना?"

"दर वेळी होतो साहेब," बंदचालूराव छाती फुगवून म्हणाला.

"झालं तर!"

तेव्हा असं ठरलं, की गतिमान कारभाराच्या चित्रफितीतील गती यंत्राच्या क्षमतेइतकी मर्यादित करण्यात यावी. पुन्हा चित्रीकरण सुरू झालं. खिडकीबाहेरचं झाड हलत होतं; पडदे ओढले. पडदे हलू लागले. पंखे बंद केले. कारकुनांना घाम फुटला, आणि एकाच्या कपाळावरून थेंब ओघळताच संगणकाने मान टाकली. फायली घेऊन धावणारे कर्मचारी तर काढावेच लागले. त्याऐवजी नुसते बसून राहिलेले कर्मचारी घेतले. त्यांना तालमीची गरज पडली नाही.

उरले साहेब. हात खिशात गेला, पण बोलताना मिशी हले.

"साहेब, तोंड न उघडता बोलता येईल?" बाईंनी भीत भीत विचारलं. "आवाज मी नंतर जोडीन."

"वरच्यांसमोर मी कायम तसाच बोलतो," साहेब म्हणाले.

"आणि पापण्या?"

"त्यांचं काय?"

"लवतात हो."

अखेर सगळ्यांना आपापल्या जागी बसवून एकच फोटो काढला. बाईंची खुर्ची रिकामी दिसायला नको म्हणून त्याही बसल्या, कडेला बंदचालूरावही बसला. साहेबांचं भाषण त्या फोटोवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चढवलं, आणि चित्रफीत लोण्यासारखी चालली! बंदचालूराव टाळ्या पिटत नाचला. समारंभात वरचे अधिकारी गहिवरून म्हणाले, "आजच्या धावपळीत इतकी शांत गती आम्ही कुठे पाहिली नव्हती." ती लोकांच्या दालनात मोठ्या पडद्यावर कायम चालू ठेवण्याचा हुकूम सुटला.

बाई पिशवी भरूनच साहेबांसमोर गेल्या. "निघू मी?"

"कशा निघाल? पडद्यावर तुम्ही जागेवर आहात."

"अहो, तो फोटो आहे!"

"लोकांना तुम्ही दिसताय ना बाई? दिसणाऱ्या माणसाला रजेवर कसं दाखवू?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून जावई. "आई, कळा सुरू झाल्यात. तुमचंच नाव घेतेय ती."

बाई दालनात आल्या. पडद्यावरची जोडणीबाई पाठ ताठ करून, डोळ्याला डोळा न लागू देता कामावर बसली होती. इतकी मन लावून खऱ्या बाई कधीच बसल्या नव्हत्या. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"कुठे निघालात?" दारात बंदचालूराव.

"मी? मी जागेवर आहे. बघा की!"

त्याने वळून पाहिलं. "आहात खऱ्या." मग डोळे बारीक करून म्हणाला, "अहो, मीसुद्धा आहे!" आणि त्यानेही चप्पल पायात सरकवली.

परगावी त्या रात्री नात जन्मली. हात उडव, पाय उडव, जग सगळं ढवळून काढ माझ्या बाई, असं म्हणत आजी तिच्याकडे बघत राहिली, आणि एकही चित्र गळालं नाही.

इकडे टेबलामागून टेबल रिकामं झालं. साहेब सर्वांत शेवटी गेले. ते त्यांच्या शिस्तीला धरूनच होतं. काम मात्र बंद पडलं नाही. दालनात पडद्यासमोर लोक अर्ज घेऊन शिस्तीत उभे राहत. तुम्हीही होतात त्या रांगेत. तुमच्या पुढचा माणूस कंटाळून घरी गेला, तुम्ही एक पाऊल पुढे सरकलात आणि मागच्याला समाधानाने म्हणालात, "काही म्हणा हं, हल्ली रांग भराभर सरकते."