वय शून्यापेक्षा जास्त असावे

जगातली भांडणं कोणी कोणाला काय द्यायचं हे आधी न ठरल्यामुळे होतात. (उरलेली ठरल्यामुळे होतात, पण ती कायदेशीर असतात.) म्हणूनच जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही सुज्ञ लोक प्रत्येक मेथडच्या डोक्यावर करार लिहितो. मेथड म्हणजे नेमून दिलेलं एकच काम करणारा कारकून. करारात बसेल ती माहिती दिलीत, तर काम होणार. नाही बसली, तर चूक देणाऱ्याची. मेथड लिहिणाऱ्याचा दोष कधीच निघत नाही, इतकी ही पद्धत निर्दोष आहे.

इस्पितळासाठी ‘पेशंट दाखल करा’ ही मेथड मी लिहिली. अटी साध्या: नाव रिकामं नसावं, वय पूर्ण वर्षांत आणि शून्यापेक्षा जास्त असावं, ते जन्मतारखेशी जुळावं, आणि पेशंट स्वतः हजर असावा (ही इस्पितळाने हट्टाने घालायला लावली). आमच्या टेस्टरबाई म्हणाल्या, “अहो, आज जन्मलेल्या बाळाचं काय?”

“करार वाचा,” मी म्हटलं.

त्यांनी वाचला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. पंच्याण्णव टक्के टेस्टर असंच बघतात, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

मंगळवारी दुपारी त्याच इस्पितळात माझ्या ताईला मुलगा झाला, सात आठवडे आधीच. त्याला ताबडतोब काचेच्या पेटीत ठेवायला हवं होतं, आणि पेटी फक्त दाखल पेशंटला मिळते. वय शून्य, नाव अजून नाही. नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने तीनदा बटण दाबलं. तिन्ही वेळा लाल अक्षरांत ‘अवैध पॅरामीटर’, म्हणजे दिलेली माहिती करारात बसत नाही, असं आलं. माझी मेथड एकदाही अडखळली नाही हो!

भाऊजींचा फोन आला. “अरे, पोर निळं पडतंय! वय काय टाकू?”

“करारात काय लिहिलंय?”

“खड्ड्यात गेला तुझा करार!”

खरं सांगतो, मी ती अट स्क्रीनवर उघडलीसुद्धा. पण अट बदलायला समितीची मंजुरी लागते आणि समिती गुरुवारी बसते. वर्षभर थांबलात तर वयाची अट आपोआप पूर्ण होईल, असं मी सुचवलं. भाऊजींनी फोन आपटला.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. बाळ उचललं, पेटीत ठेवलं, नळी लावली. अर्ध्या तासात पोराने भोकाड पसरलं.

गुरुवारी समितीने एकमताने ठरवलं की मेथड बिनचूक आहे. नर्सबाईंना मेमो मिळाला. बाळाच्या कागदावर ‘करारबाह्य श्वासोच्छ्वास’ असा शेरा पडला. ताई अजून माझ्याशी बोलत नाही, आणि ते मला फार लागतं.

तुम्हालाही माझा राग आला असेल. येऊ द्या. पण परवा कुठल्याशा खिडकीतून “सिस्टीम घेत नाही” असं तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? “माझंच काहीतरी चुकलं असेल” म्हणालात, वर थँक्यू म्हणालात, आणि मुकाट्याने घरी गेलात.