उदयसिंगचा मोजा

शेलूबाजारच्या इंग्रजी शाळेला त्या वर्षी नाताळाची आठवण जरा उशिरानेच झाली, पण झाली ती सगळ्या पालकांना कामाला लावूनच. निता मॅडमनी ग्रुपवर फर्मान काढलं. प्रत्येक पालकाने एक लाल मोजा आणावा आणि त्यात मुलांसाठी स्वस्त, मस्त भेटवस्तू भराव्यात. खर्च पन्नास रुपयांच्या वर नको. चॉकलेट नको, दात किडतात. फुगे नकोत, मुलं गिळतात. प्लास्टिक नको, पर्यावरण बिघडतं. एवढं सगळं वगळल्यावर पन्नास रुपयांत काय उरतं, हे मात्र मॅडमनी पालकांच्या कल्पकतेवर सोडलं होतं.

उदयसिंगच्या कल्पकतेबद्दल गावात दुमत नव्हतं. हायवेला लागून त्याचं कृषी केंद्र होतं, आणि मागच्या सालचा माल यंदाच्या भावात विकण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पन्नास रुपयांचा आकडा ऐकून त्याला शाळेच्या उधळेपणाची कीव आली.

"कायले खर्च करा लागते?" तो बायकोला म्हणाला. "कंपनीवाले एवढं फुकट देऊन जातेत. ते काय उंदरायसाठी ठेवलं?"

"अवो, पोरायचा सण हाय," रंजीता म्हणाली. "रंगाच्या दोन पेट्या आणा, भवरा आणा. आपला करण कधीचा भवरा मांगून राह्यला."

"भवऱ्यानं काय ज्ञान वाढते?" असं म्हणून उदयसिंगने ज्ञान वाढवणाऱ्या वस्तू काढायला घेतल्या. तणनाशकाच्या जाहिरातीचं पेन. युरियाच्या गोणीच्या आकाराची किल्लीची साखळी. कंपनीची टोपी, जी चार वर्षांच्या पोराच्या गळ्यापर्यंत आली असती. तरी मोजा अर्धा रिकामाच राहिला, आणि अर्धा रिकामा मोजा शाळेत पाठवणं म्हणजे इज्जतीचा सवाल होता. शेवटी त्याला कंपनीच्या माणसाने गेल्याच आठवड्यात नमुना म्हणून दिलेलं कामगंध गोळ्यांचं पाकीट सापडलं.

या गोळ्या म्हणजे रबराची छोटी बोंडं. त्यांना घाटेअळीच्या, म्हणजे हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या अळीच्या, मादी पतंगाचा वास लावलेला असतो. हरभऱ्याच्या वावरात सापळ्याला बोंड अडकवलं की नर पतंग वासाच्या नादाने येतात आणि सापळ्यात पडतात. निदान कंपनी तसं म्हणते. उदयसिंगचा यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही होतं. यंदा त्याने स्वतः गावभर या गोळ्या विकल्या होत्या आणि एका सापळ्यात एक पतंग आला असेल तर शपथ. अर्थात विकलेल्या गोळ्या दोन वर्षं गोदामात पडून वास उडालेल्या होत्या, पण ही बारीकसारीक गोष्ट तो स्वतःलाही फारशी सांगत नसे.

"हे काय भरून राह्यले?" रंजीताने विचारलं.

"पेन्सिलीच्या टोकाले लावाचं खोडरबर."

"गोळ्या हायेत त्या. मले काय समजत नाही? तिथं पतंगाची पाखरं येतीन ना."

"वावरात येत नाही, तं शाळेत कुठून येतीन?" उदयसिंग म्हणाला, आणि पाकीट फाडून सगळी बोंडं मोज्याच्या तळाशी सोडली.

एक गोष्ट त्याला मनातून खरोखर खुपत होती. शाळेचे अध्यक्ष धनसिंगकाका हे गावातले मोठे शेतकरी. त्यांनीही त्याच्याकडूनच गोळ्या नेल्या होत्या आणि महिनाभर ते रोज दुकानासमोर थांबून विचारत होते, "भाऊ, एकई पतंग नाही. माल तं बराबर हाय ना?" उदयसिंग रोज एकच उत्तर देई, "पतंग नाही म्हणजे तुमच्या वावरात कीडच नाही, काका. पेढे वाटा." काका पेढे वाटत नव्हते. त्यांच्या तोंडून 'उदयसिंगचा माल खोटा' एवढं निघालं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून दुकानाची पायरी कुत्र्यानेही चढली नसती. म्हणून कार्यक्रमाला उदयसिंग काकांच्या शेजारची खुर्ची पकडून, त्यांच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन बसला.

कार्यक्रम संध्याकाळी होता. शाळेच्या आवारातल्या अशोकाच्या झाडाला नाताळाचं झाड केलं होतं आणि त्यावर पालकांचे मोजे लोंबत होते. काही लाल, काही लालसर, एक तर सरळ पोलिसाचा खाकी. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर बाबूसिंग सांताक्लॉज झाला होता. दाढी जिनिंगमधून आणलेल्या कापसाची होती आणि तिच्यातली सरकी अधूनमधून गळत होती. आवाराच्या तारेपलीकडे धनसिंगकाकांचा हरभरा उभा होता, घाट्यावर आलेला.

अंधार पडला आणि पहिलं पाखरू आलं. मग दोन आली. मग कोणी मोजायच्या भानगडीत पडलं नाही. मुलांच्या नाचावरून, निता मॅडमच्या भाषणावरून घिरट्या घालत सगळी पाखरं एकाच मोज्याकडे निघाली. बाबूसिंग मोजे काढायला झाडाजवळ गेला तर निम्मी त्याच्या दाढीत शिरली. आयांनी पदर डोक्यावर घेतले.

धनसिंगकाकांनी बाहीवरचं एक पाखरू चिमटीत धरलं.

"हे तं घाटेअळीचे पतंग हायेत."

"लाइटीमुळं आले, काका," उदयसिंग घाईने म्हणाला. "हॅलोजन किती मोठा लावला हाय, पाहा ना. इतक्या उजेडावर कोणतंई पाखरू येईन."

वीज मंडळाने नेमका तोच मुहूर्त साधला. हॅलोजन गेला, माइक गेला, गाणं गेलं. आता उजेडच नाही म्हटल्यावर पाखरंही जातील, अशी उदयसिंगला आशा वाटली. काकांनी शांतपणे मोबाइलची बॅटरी लावून झाडावर धरली. करणच्या नावाची चिठ्ठी लावलेला मोजा पतंगांनी असा मढला होता की त्याचा लाल रंग दिसत नव्हता.

काका उठले. मोजा काढला, झटकला, तळात हात घातला आणि एक बोंड नाकाशी नेऊन पाहिलं. मग तारेपलीकडच्या आपल्या हरभऱ्याकडे बघत राहिले.

"माह्या वावरात कीड नाही म्हणत होते ना तुमी?" काका म्हणाले. "हे मंग पावण्याच्या घरून आले का?"

"काका, ते..."

"पैसे घेऊन देलेल्या गोळ्या मुक्या, अन् लेकराच्या मोज्यातल्या फुकटच्या इतक्या बोलक्या. असं काहून, भाऊ?"

आवाज चढला नव्हता, म्हणून अंधारात बसलेल्या सगळ्या पालकांना तो नीट ऐकू गेला. त्यातले बहुतेक हरभरावाले होते. काकांनी मोजा एका काठीला बांधला आणि काठी खांद्यावर टाकून ते तडक वावराकडे निघाले. पाखरं त्यांच्या मागे, पाखरांच्या मागे बॅटरी घेतलेला सांताक्लॉज, आणि त्याच्या मागे "माहा मोजा द्या" म्हणत रडणारा करण.

रात्रभर उदयसिंगने उत्तरं जुळवली. हवामान, वाऱ्याची दिशा, कंपनीची चूक. त्यातल्या एकावरही रंजीता हसली नाही, हे लक्षण वाईट होतं. उजाडताच त्याने कंपनीच्या माणसाला फोन लावून ताज्या गोळ्यांची पेटी सकाळच्या जीपने मागवली आणि पेटी उतरवून घ्यायला स्वतः दुकानावर गेला.

पायऱ्यांवर माणसं बसलेली होती. भांडण नाही, आरडाओरडा नाही. सगळ्यांत पुढे धनसिंगकाका. उदयसिंगने शटर वर केलं आणि कसंबसं हसला.

"बोला काका. काय देऊ?"

"सांतावाल्या गोळ्या द्या. दुकानवाल्या नको."

"देतो ना, ताजी पेटी जीपनं येतेच हाय. पण भाव मातर यंदाचा..."

काकांनी खिशातून घरचा जुना, टाचेला भोक पडलेला मोजा काढला आणि त्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून तो उदयसिंगसमोर धरला. मागच्या सगळ्यांनी आपापले मोजे काढले.

"भाव कायचा, भाऊ?" काका म्हणाले. "नाताळ हाय. भरा."